अहेरी–गर्देवाडा एसटी : उशिरा सुरू झालेल्या एका सेवेचे परीक्षण

महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील गर्देवाड्याला एसटी पोहोचली ती 1 जानेवारी 2025 रोजी. मधल्या काळात ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद राज्यभर गाजले आणि बहुतेक जिल्ह्यांत ते बऱ्याच अंशी खरेही ठरले. पण छत्तीसगडच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात एसटी धावेल असा रस्ताच नव्हता, आणि तो का नव्हता याचे उत्तर नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातल्या गेल्या चार दशकांच्या सशस्त्र संघर्षात आहे. म्हणून या सेवेला गुण देताना आसने, वेळ आणि स्वच्छता एवढेच पाहून भागत नाही. ही गाडी नसताना लोकांनी काय सोसले आणि ती आल्याने त्यातले किती हलके झाले, यावरच तिची खरी पारख व्हायला हवी.

अहेरी सोडल्यावर आलापल्ली आणि एटापल्ली करत गाडी गट्ट्याच्या दिशेने जाते. आलापल्ली ते एटापल्ली या टप्प्यात सुरजागडच्या लोहखनिजाची अवजड वाहने समोरून येत राहतात, त्यामुळे धुळीच्या दिवसांत खिडकीची काच लावूनच बसावे लागते. एटापल्लीच्या पुढे जंगल दाट होत जाते आणि वस्त्या विरळ. गट्ट्यापासून गर्देवाडा आणि वांगेतुरीपर्यंतचा 32 किलोमीटरचा रस्ता व ताडगुड्याचा पूल यांच्यावरच ही सेवा उभी आहे. मोठी गाडी वळणावर न अडखळता जाते आणि समोरून वाहन आले तरी कोणालाही कडेला उतरावे लागत नाही. शहरातल्या वाचकाला यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही, परंतु या भागात आजारी माणसाला खाटेवर घालून, ती खाट चौघांनी खांद्यावर घेऊन नाले ओलांडायचे, ही कालपरवापर्यंतची रीत होती.

मी हिवाळ्यात या मार्गावर प्रवास केला. पुढच्या आसनावर एक माडिया बाई लहान मुलाला मांडीवर घेऊन दवाखान्यातून परतत होती. तिच्या मुठीत केसपेपर होता, घड्या पडून पडून फाटत आलेला, आणि त्यातच गुंडाळलेल्या औषधाच्या गोळ्या. वाहकाने तिला गोंडीत कुठे उतरायचे ते विचारले, अर्धे तिकीट काढून दिले आणि जिथे तिच्या पाड्याची पायवाट रस्त्याला मिळते तिथे गाडी थांबवली. तिच्या पायाशी ठेवलेले तांदळाचे पोते त्याने स्वतः उतरवून दिले. मार्च 2023 पासून महिलांना मिळणारी निम्म्या तिकिटाची सवलत, 75 वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास, शाळकरी मुलींचा बारावीपर्यंतचा मोफत पास, या सवलती राज्यात सर्वत्र लागू होत्या. मात्र जिथे गाडीच जात नव्हती तिथल्या बाईला त्या असून नसल्यासारख्याच होत्या. शासनाची एखादी योजना प्रत्यक्ष माणसाच्या हातात पडायला आधी रस्ता लागतो, हे त्या तिकिटाकडे पाहताना स्पष्ट कळत होते.

या भागात नक्षलवादी आले ते 1980 च्या सुमारास, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातून. गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून आलेल्या त्यांच्या पहिल्या तुकड्यांना तेंदूपत्त्याची मजुरी, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांची दंडेली आणि सावकारी यांबद्दलच्या रागाने जागा करून दिली, आणि तो राग खोटा नव्हता. पुढे मात्र रस्ता हाच शत्रू ठरवला गेला. रस्त्याच्या कामावरची यंत्रे जाळायची, मजुरांना धमकावून परत पाठवायचे, झाडे आडवी पाडून वाहतूक रोखायची, तयार रस्ता खणून काढायचा, असे वर्षानुवर्षे चालले. 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मारले गेले. त्याच्या आदल्याच रात्री दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची वाहने मोठ्या संख्येने जाळण्यात आली होती. अशा ठिकाणी कंत्राटदार निविदा भरत नाही आणि भरलीच तर काम अर्ध्यावर सोडून जातो. 28 जुलै ते 3 ऑगस्ट आणि 2 ते 8 डिसेंबर हे नक्षल्यांचे दोन सप्ताह तर आतल्या भागातल्या वाहतुकीसाठी ठरलेल्या बंदीसारखेच असत.

जीवितहानीचे आकडे यापेक्षा जास्त बोलतात. जिल्ह्यात आजवर पाचशेहून अधिक सामान्य नागरिक नक्षल्यांच्या हातून मारले गेले आणि दोनशेहून अधिक पोलिसांना वीरमरण आले. मारल्या गेलेल्या नागरिकांत बहुसंख्य आदिवासीच होते आणि त्यांतल्या कित्येकांवर एकच ठपका होता, तो म्हणजे पोलिसांचा खबऱ्या असल्याचा. जानेवारी 2019 मध्ये भामरागड तालुक्यातील कसनासूरच्या तिघांना असेच मारण्यात आले आणि बाकीच्या गावकऱ्यांनी जीव वाचवण्यासाठी ताडगावला पोलिसांकडे आसरा घेतला. दुसऱ्या बाजूच्या बंदुकीचीही झळ होतीच. एप्रिल 2018 च्या बोरिया-कसनासूर चकमकीत नक्षलवादी म्हणून मारल्या गेलेल्यांत गट्टेपल्ली गावातली मुलेही होती, आणि ती लग्नाला म्हणून घरून निघाली होती असे त्यांच्या कुटुंबांनी सांगितले. त्यांच्या प्रश्नांना ज्या गांभीर्याने उत्तर मिळायला हवे होते तसे ते मिळाले नाही, असे माझे मत आहे. रात्री दलम, म्हणजे नक्षल्यांची सशस्त्र तुकडी, जेवण मागायला आले तर नाही म्हणता येत नाही आणि सकाळी पोलीस चौकशीला आले तर हो म्हणता येत नाही, अशा स्थितीत ज्यांनी संसार केले त्यांना सरकार म्हणजे काय हे सांगायला बंदुकीशिवाय दुसरे कोणी फारसे गेलेच नाही. शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका यांच्यासाठी इथली बदली ही शिक्षाच समजली जाई, आणि शिक्षा म्हणून आलेला माणूस बहुधा पहिल्या संधीला परत जाई.

आरोग्याचे नुकसान सर्वांत खोल आहे. पावसाळ्यात वाट तुटणार हे गृहीत धरून बाळंतपणाच्या आधीच गरोदर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्याची ‘माहेरघर’ योजना इथे राबवावी लागते. योजना चांगली आहे, पण तिची गरज पडणे हेच मुळात रस्ता नसल्याचे लक्षण आहे. सप्टेंबर 2024 मध्ये अहेरी तालुक्यातील पत्तीगावच्या आईवडिलांनी आपल्या दोन लहान मुलांचे मृतदेह जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रातून खांद्यावर घेऊन चिखलातून पायी घरी नेले. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यानंतर चार महिन्यांत त्याच जिल्ह्यात गर्देवाड्याची गाडी सुरू झाली, म्हणून या गाडीचे स्वागत करताना पत्तीगाव विसरता येत नाही.

गाडी सुरू होण्याआधी काय काय व्हावे लागले तेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर 2023 मध्ये वांगेतुरीला आणि जानेवारी 2024 मध्ये गर्देवाड्याला पोलीस मदत केंद्रे प्रत्येकी एका दिवसात उभी करण्यात आली, त्यांच्या आधाराने रस्ता व पूल झाला आणि मग एसटी आली. पुढे 2025 मध्येच धानोरा तालुक्यातील कटेझरी आणि भामरागड तालुक्यातील मरकणार या गावांनाही प्रथमच बस मिळाली. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरच्या फळीतला नेता भूपती 60 साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’तून जातीचे दाखले, आधार कार्ड यांसारखी कामेही होतात, आणि त्यासाठी पोलीस दलाचे मनापासून कौतुक केले पाहिजे. तरीही दाखल्यासाठी पोलीस ठाण्यात जावे लागणे ही कायमची व्यवस्था होऊ शकत नाही. तलाठी, शिक्षक आणि डॉक्टर यांनी आता आपापल्या खुर्च्या सांभाळायला हव्यात.

याच पट्ट्यात 2023 साली तोडगट्टा येथे अनेक ग्रामसभांनी प्रस्तावित खाणी आणि त्यांच्यासाठीच्या रुंद रस्त्यांविरोधात महिनोन्‌महिने ठिय्या आंदोलन केले होते. त्या लोकांना विकासविरोधी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. दवाखान्याला जाणारा रस्ता हवा आणि डोंगर पोखरून नेणाऱ्या वाहनांचा रस्ता नको, हे म्हणणे सुसंगत आहे. याच डांबरावरून उद्या कोणती वाहने जास्त धावतील, एसटीची की खनिजाची, हे ठरवताना ग्रामसभांना विचारले गेले तरच लोक या रस्त्याला आपला म्हणतील.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. चालक-वाहकांचे वागणे, थांब्याबाबतची लवचीकता आणि गाडीची अवस्था या तिन्ही बाबतींत मी या सेवेला चांगले गुण देतो. बाकीच्या अपेक्षा मात्र स्पष्टच मांडायला हव्यात. अशा मार्गावर फेऱ्या मोजक्याच असतात, तेव्हा त्यांच्या वेळा दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाशी आणि एटापल्लीच्या आठवडी बाजाराशी जुळल्या पाहिजेत, नाहीतर तपासणीसाठी गेलेल्या माणसाला परगावी मुक्काम पडतो. वेळापत्रक प्रत्येक गावात ठळक अक्षरांत लावले पाहिजे. शाळा आणि आश्रमशाळा सुरू होतात व सुटतात त्या दिवसांत जादा गाडी हवी, कारण वसतिगृहातली मुले पेटीबिस्तरा घेऊन एकदम निघतात. आणि गाडी पोहोचवते तिथे कोणीतरी असलेही पाहिजे. परतीच्या वाटेवरच्या एका आरोग्य केंद्रात मी भर दुपारी गेलो तेव्हा औषधांच्या खोलीला कुलूप होते आणि बाहेर ओट्यावर दोन म्हातारी माणसे सकाळपासून बसून होती. ती पायी आली नव्हती, गाडीने आली होती, एवढाच फरक पडला होता.

प्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. सुटण्याच्या वेळा अहेरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात आणि परतीच्या गाडीची वेळ वाहकाकडून पक्की करून मगच उतरावे. सुटे पैसे आणि पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की दक्षिण गडचिरोलीतली वाहतूक ठप्प होते, भामरागडचा पर्लकोटा नदीवरचा जुना पूल तर दरवर्षी पाण्याखाली जातो. म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात मुक्कामाची तयारी ठेवूनच निघावे. गावात छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. कोणी नकार दिला तर त्याचा मान राखावा. शिक्षण किंवा आरोग्य खात्यात निर्णय घेण्याच्या जागेवर असलेल्यांनी मात्र सरकारी वाहन अहेरीत ठेवून या एसटीने तिकीट काढून एकदा जरूर जावे, आणि तेही पावसाळ्यात.