सणांचा क्रोशे संच: नमुने झकास, पण 2.5 ची सुई सोबत घ्या

गोव्यात फोंड्याच्या बाजारात लोकरीच्या एका दुकानात हा संच 850 रुपयांना मिळतो. आत चार नमुन्यांची कार्डं आहेत: साडेअकरा इंची बाहुलीसाठी नाताळचा लाल फ्रॉक आणि टोपी, चौदा सेंटीमीटरचा दिवाळीचा नरकासुर, नाताळला टांगायचं नक्षत्र (चांदणी) आणि बाहुलीच्या कमरेला बांधायचा, शिगम्यातल्या घोडेमोडणी नाचाचा घोडा. सोबत सहा रंगांचे 25-25 ग्रॅमचे गुंडे (लाल-पांढरा सुती, बाकी ॲक्रिलिक), 3 मिलिमीटरची एक सुई, टिचबटणं, प्लॅस्टिकचे डोळे आणि भरायला कापूस. बाहुलीचे सणाचे कपडे म्हटलं की तयार संचांत बहुतेक सांताक्लॉजच असतो. इथे दिवाळी, नाताळ आणि शिगमो (गोव्याचा शिमगा) एका पिशवीत आलेत, आणि ज्यानं कुणी हे नमुने बसवले त्याला नरकासुराचं तोंड कसं असतं ते नीट ठाऊक आहे. तेवढ्यासाठीच संच घ्यावा. मात्र कार्डावर लिहिलंय तसंच विणत गेलात तर फ्रॉक बाहुलीच्या अंगात जाणार नाही.

कारण साधं आहे. या मापाच्या बाहुलीची छाती साधारण 13 सेंटीमीटर, कंबर 9 आणि नितंब पुन्हा 13 च्या आसपास. कार्डावर फ्रॉकचा वरचा भाग पाठीला उघडा ठेवलाय, तो बरोबर. पण कमरेपाशी आल्याबरोबर घेर गोल जोडायला सांगितलंय. म्हणजे कमरेला दहाएक सेंटीमीटरचं बंद कडं तयार होतं. ते पायाकडून चढवलं तर नितंबांवर अडतं आणि डोक्याकडून घातलं तर केसांत. घेराच्या पहिल्या तीन ओळी पाठीला उघड्याच ठेवा, ये-जा करत विणा आणि चौथ्या ओळीला गोल जोडा. खांबाच्या (उंच टाक्याच्या) तीन ओळींत जवळपास तीन सेंटीमीटरची फट मिळते, तेवढी पुरते.

दुसरी चूक सुईची. कार्डातले टाके 2.5 च्या सुईचे आहेत आणि पिशवीत सुई 3 ची. 2.5 नं या सुती दोऱ्याचे 10 मुके खांब (आखूड टाके) साधारण 3.8 सेंटीमीटर भरतात, 3 नं 4.3. एका टाक्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटेल. छातीच्या 36 टाक्यांवर तो पावणेदोन सेंटीमीटर होतो आणि फ्रॉक खांद्यावरून घसरतो. वरचा भाग 2.5 नं असा विणा: 27 साखळ्या, दुसऱ्या साखळीपासून 26 मुके खांब, तीन ओळी सरळ. मग दोन ओळींत दर वेळी 5 टाके वाढवत 31 आणि 36. पाठीला दोन टाके एकमेकांवर येतात, ते यात धरलेले आहेत. घेरासाठी सुरुवातीच्या साखळीच्या दुसऱ्या बाजूनं प्रत्येक घरात 2 खांब घाला, 52 होतात. इथे 3 ची सुई घ्या. घेर सैल विणला तरच तो खाली पडतो, नाहीतर छत्रीसारखा ताठ उभा राहतो.

कार्डावर काही ठिकाणी नुसतं ‘डबल’ असं लिहिलंय. नवशिक्याचा घोटाळा इथेच होतो. ब्रिटिश पद्धतीत डबल म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकी पद्धतीत डबल म्हणजे खांब. आपल्याकडे जुनी पुस्तकं पहिल्या पद्धतीची आणि यूट्यूब बहुतेक दुसऱ्या, त्यामुळे दोन्ही अर्थ चालतात. शब्दाकडे दुर्लक्ष करून बाजूची आकृती पाहा: फुली किंवा अधिकचं चिन्ह असेल तर मुका खांब, दांड्यावर एक तिरकी रेघ असेल तर खांब. आकृत्या सगळ्या बरोबर आहेत.

टोपीचं कार्ड शेंड्यापासून सुरू होतं. ती काठापासून सुरू केलेली बरी, म्हणजे पहिल्या दोन ओळींनंतरच बाहुलीच्या डोक्यावर घालून बघता येते. प्रत्येक बाहुलीचे केस वेगळे फुगतात, इथे आकड्यांवर विसंबून चालत नाही.

आता नरकासुर. संचातलं सगळ्यात सुंदर काम हेच. डोकं मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या फाशात) 6 मुक्या खांबांनी सुरू होतं आणि दर फेरीला 6 वाढवत 12, 18, 24, 30, 36 पर्यंत जातं. मग सहा फेऱ्या सरळ आणि पुन्हा घट. वाढ दर फेरीला त्याच जागी आली की डोकं षटकोनी दिसायला लागतं. एका फेरीत वाढ सहाही भागांच्या सुरुवातीला आणि पुढच्या फेरीत त्यांच्या मधोमध घेतली की गोल येतं. कार्डात हे दिलेलं नाही. डोळे मात्र काय बसवलेत! पांढऱ्या दोऱ्यानं 6, मग 12, मग एक फेरी न वाढवता. त्यामुळे वाटीसारखा खोलगट आकार येतो, आत चिमूटभर भरण घालून शिवला की डोळा खरोखर खोबणीतून बाहेर आल्यासारखा वाटतो. जीभ म्हणजे 9 साखळ्या आणि दुसऱ्या साखळीपासून परत येत 8 मुके खांब. मुका खांब एकाच बाजूनं घातल्यामुळे पट्टी आपोआप वळते आणि जीभ हनुवटीवर लोंबते. ती इस्त्रीनं सरळ करू नका, मजा त्या वळण्यातच आहे.

कमजोर जागा मान. कार्ड 12 टाक्यांपर्यंत घटवायला सांगतं, म्हणजे जेमतेम दीड सेंटीमीटर जाडीची मान आणि तिच्यावर मुकुटासकट डोकं. चार दिवसांत ते छातीवर झुकतं. 18 वर थांबा आणि मानेत भरण बोटानं दाबून अगदी कडक भरा. काडी किंवा तार घालू नका, पोर खेळताना ती टाक्यांतून बाहेर येते. खेळणं सगळं 2.5 नंच विणा. 3 नं टाक्यांमधून पांढरं भरण दिसतं आणि काळ्या-हिरव्या अंगावर ते फार वाईट दिसतं. संचातले प्लॅस्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला लावू नयेत. वर सांगितलेले विणलेले डोळे असताना त्यांची गरजही नाही, बुबुळ दोऱ्यानं भरून काढा.

भरायला दिलेला कापूस बाजूला ठेवा. तो धुतल्यावर गोळा होतो आणि आपल्या पावसाळ्यात आतून ओल धरतो. जूनमध्ये कपाटात ठेवलेला नरकासुर चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) कुबट वास मारायला लागतो. पॉलिएस्टर फायबर घ्या, एका नरकासुराला साधारण 20 ग्रॅम लागतो. टिचबटणांचंही तेच. दिलेली लोखंडी आहेत, आणि इथल्या हवेत एका पावसाळ्यात त्यांच्याभोवती तांबूस कडं उमटतं, ते पांढऱ्या सुतावरून जात नाही. छोटं प्लॅस्टिकचं बटण आणि 5 साखळ्यांचा फासा लावा.

नक्षत्राचा नमुना सोपा आहे आणि पहिल्यांदा सुई धरणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. रिंगमध्ये 15 मुके खांब. प्रत्येक टोकासाठी 6 साखळ्या, परत येताना दोन मुके खांब, एक अर्धा खांब (दोन्हींच्या मधल्या उंचीचा) आणि दोन खांब, मग दोन टाके सोडून तिसऱ्यात जोड. पाच टोकं बरोबर बसतात. पण ताठ करण्यासाठी कार्ड साखरेच्या पाण्यात बुडवायला सांगतं. थंड कोरड्या गावात ते ठीक. गोव्यात साखर हवेतली ओल ओढून चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी नक्षत्रावर मुंग्यांची रांग लागते. पेजेचं पाणी वापरलं तर बुरशी येते. फेविकॉल आणि पाणी समसमान घ्या, नक्षत्र बुडवून पिळा, थर्माकोलवर प्लॅस्टिक अंथरून टाचण्यांनी टोकं ताणा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात.

घोडा छान आहे, फार लिहिण्यासारखं काही नाही. डोकं घट्ट भरा, कमरेचं कडं सैल ठेवा. पांढरा दोरा मात्र 25 ग्रॅममध्ये पुरत नाही. फ्रॉकची किनार, डोळे, नक्षत्र आणि घोडा सगळं त्यातूनच काढायचं आहे, तेव्हा त्याच लॉटचा आणखी एक गुंडा घेऊन ठेवा.

लाल सुती दोरा रंग सोडतो. विणण्याआधी हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून पाहा. गुलाबी डाग पडला तर दोऱ्याची लड करा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत थंड पाण्यात बुडवत राहा. हे टाळलंत तर पहिल्या धुण्यात पांढरी किनार गुलाबी होते. लाल फ्रॉक महिनोन्‌महिने अंगावर राहिला तर बाहुलीच्या प्लॅस्टिकवरही रंग उतरतो आणि तो सहजासहजी निघत नाही. सण झाला की फ्रॉक काढून वेगळा ठेवा.

सुटी 2.5 ची सुई आणि फायबर त्याच दुकानात मिळतं, संच घेतानाच मागून घ्या. पिशवीतली 3 ची परत करू नका, घेराला ती लागणारच आहे.