जुन्या शिडाच्या होडीला स्वतः रंग देताना: सिंगल-पॅक की टू-पॅक?

ऐंशीच्या दशकात बांधलेली सव्वीस फुटांची फायबरची शिडाची होडी किनाऱ्यावर टेकू लावून उभी आहे, तिच्या बाजूवरून तळवा फिरवला तर खडूची भुकटी लागावी तसा पांढरा जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) हाताला लागतो आणि मालकाकडे पैशांपेक्षा रविवार जास्त आहेत, असे गृहीत धरून हा आढावा लिहिला आहे. आमची होडी मुंबई बंदरात असते. गेल्या बारा वर्षांत मी आणि माझ्या मेव्हण्यांनी तिला दोनदा रंग दिला, पहिल्यांदा टू-पॅक पॉलियुरेथेन (रंग आणि तो कडक करणारे हार्डनर असे दोन डबे ऐन वेळी मिसळून लावायचा रंग) आणि दुसऱ्यांदा सिंगल-पॅक (एकाच डब्यातून थेट लावायचा रंग). पुढे जी मते आली आहेत ती या दोन अनुभवांतून आलेली आहेत.

रंगाचे डबे आणण्याआधी रंगाची खरोखर गरज आहे का, ते पाहावे. जेलकोटाचा थर साधारण अर्धा मिलिमीटर असतो आणि उन्हाने त्याचा वरचा अगदी पातळ पापुद्राच मरतो. बाजूवर फूटभर लांबी-रुंदीचा चौकोन आखून तो रबिंग कंपाउंडने घासावा आणि वर मेण चढवावे. चौकोनात चमक परत आली आणि महिनाभर टिकली, तर रंगाचा विचार दोन-तीन वर्षे पुढे ढकलावा. कारण जेलकोटावर एकदा रंग चढला की ती होडी कायमची रंगाची झाली, तिला मग ठरावीक वर्षांनी रंग द्यावाच लागतो. घासताना आतला फायबर दिसू लागला किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा सर्वत्र असल्या, तर मात्र रंगाला पर्याय उरत नाही.

आता किती रंग लागेल ते पाहू. पाण्यावरच्या बाजूंचे क्षेत्रफळ काढण्याची सोपी रीत अशी की होडीची लांबी आणि रुंदी यांची बेरीज दुप्पट करावी आणि पाण्यापासून डेकपर्यंतच्या सरासरी उंचीने गुणावी. आमच्या होडीची लांबी 7.9 मीटर, रुंदी 2.6 मीटर आणि उंची 0.9 मीटर, म्हणजे सुमारे 19 चौरस मीटर. एक लिटर रंग एका हाताला दहा-बारा चौरस मीटर पुरतो, म्हणून तीन हातांना पाच ते सहा लिटर लागतात. टू-पॅकचा लिटरमागचा भाव सिंगल-पॅकच्या दुपटीच्या पुढे जातो आणि त्याचे थिनरही वेगळे व महाग असते. तरीही संपूर्ण कामाच्या खर्चात हा फरक वाटतो तितका मोठा नाही, कारण पॉलिश पेपर, लांबी (खळगे भरायची पुट्टी), प्राइमर, टेप आणि होडी पाण्याबाहेर काढून ठेवण्याचे भाडे दोन्ही रंगांना सारखेच पडते. केवळ डब्याच्या किमतीवरून निवड करणारा माणूस चुकीच्या आकड्याकडे पाहत असतो.

दोन्ही रंगांचा स्वभाव त्यांच्या वाळण्यात आहे. सिंगल-पॅक रंगातले थिनर उडून जाते आणि मग हवेतल्या ऑक्सिजनने थर हळूहळू कडक होतो. झाकण घट्ट लावले तर उरलेला रंग पुढच्या महिन्यातही कामाला येतो. टू-पॅकमध्ये रंग आणि हार्डनर यांची रासायनिक प्रक्रिया होते, काही तासांत मिश्रण वापरून संपवावे लागते आणि उरलेले फेकावेच लागते. त्या बदल्यात जो थर मिळतो तो काचेसारखा कठीण आणि चकचकीत असतो. चांगल्या तयारीवर दिलेला टू-पॅक सात ते दहा वर्षे टिकतो; सिंगल-पॅक तीन ते पाच, आणि आपल्या उन्हात तीन धरून चालावे. आमचा टू-पॅक आठ वर्षे राहिला आणि सातव्या वर्षीही त्यात डोलकाठ्यांचे प्रतिबिंब दिसत असे.

मग दुसऱ्यांदा सिंगल-पॅक का, असा प्रश्न साहजिक आहे. तिसऱ्या वर्षी एक प्रवासी लाँच आमच्या होडीला घासून गेली आणि उजव्या बाजूवर हातभर लांब ओरखडा पडला. टू-पॅकवर तेवढ्याच जागी रंग लावला की जुन्या आणि नव्या रंगाची सीमा उन्हात स्पष्ट दिसते. ती घासून मिसळावी तर वरचा चकचकीत पदर निघून जातो आणि तो भाग वर्षभरात मंद पडतो. अ‍ॅक्रिलिक जातीचे टू-पॅक घासून पॉलिश करता येतात, पण ते प्रामुख्याने स्प्रेसाठी बनवलेले असतात. म्हणजे नीट दुरुस्ती करायची तर संपूर्ण बाजू पुन्हा रंगवणे आले. आम्ही ते केले नाही, आणि पाच वर्षे त्या ओरखड्याकडे पाहत राहिलो. सिंगल-पॅकवर असाच वण गेल्या हिवाळ्यात पडला, तेव्हा एका रविवारी सकाळी पेपर मारून, लांबी भरून, दोन हात देऊन काम संपले. जवळून पाहणाऱ्याला ते कळते, धक्क्यावरून पाहणाऱ्याला कळत नाही. जी होडी वर्षातले आठ महिने बंदरात नांगरलेली असते आणि टायर बांधलेल्या लाँच जिच्या अंगाला लागतात, तिच्या बाबतीत रंग किती वर्षे टिकतो यापेक्षा तो आपल्याला स्वतः दुरुस्त करता येतो का, याला मी जास्त महत्त्व देतो.

होडीवर आधीचा रंग असेल तर निवड काही अंशी त्यानेच केलेली असते. टू-पॅकच्या थिनरमध्ये बोळा भिजवून तो जुन्या रंगावर थोडा वेळ दाबून धरावा. रंग सुरकुतला किंवा बोळ्याला लागला, तर तो सिंगल-पॅक आहे आणि त्यावर टू-पॅक देता येणार नाही. दिला तर नव्या रंगातले जहाल थिनर जुना थर उचलते आणि सगळी बाजू सायीसारखी गोळा होते. जुना थर हलला नाही, तर पेपर मारून त्यावर दोन्हींपैकी कोणताही रंग चालतो. थोडक्यात, टू-पॅकवरून सिंगल-पॅकवर येणे सोपे आणि उलट जाणे म्हणजे आधीचे सगळे खरवडणे.

हवामानाचा विचार आपल्याकडे सर्वांत कमी होतो आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. मुंबईत होड्या पावसाळ्याआधी बाहेर काढतात, म्हणून मे महिन्यात रंग उरकून घेण्याचा मोह होतो. आमचा टू-पॅक आम्ही मे महिन्यातच दिला. उन्हात तापलेल्या बाजूवर रंग पसरण्याआधीच थिनर उडत होते, ब्रशच्या रेघा जशाच्या तशा राहत होत्या आणि दुपारी खारा वारा सुटला की चिलटे येऊन ओल्या रंगात बसत होती. पहाटे पाचला दिवा लावून सुरुवात करून साडेआठला थांबणे, एवढाच मार्ग उरला. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, पण तेव्हा सकाळी दव असते आणि मतलई वाऱ्याबरोबर जमिनीवरची धूळ येते. नियम असा आहे की होडीच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होते त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सियसने जास्त असावे आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत असावी. हिवाळ्यात हे गणित साधारण नऊ वाजल्यापासून जमते, आणि दुपारी दोनच्या पुढे नवा हात सुरू करू नये. डिसेंबरात डाव्या बाजूचा शेवटचा हात आम्ही साडेचारला संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजू दुधाळ आणि निस्तेज दिसत होती, कारण रंग आवळण्याआधीच त्यावर दव पडले होते. रंग सिंगल-पॅक होता म्हणून एका आठवड्याने पेपर मारून पुन्हा एक हात देऊन निभावले. तीच चूक टू-पॅकमध्ये झाली असती, तर महागाचा रंग आणि मिसळलेला हार्डनर दोन्ही पाण्यात गेले असते.

आरोग्याच्या बाबतीत दोन्ही रंग एका तागडीत तोलता येत नाहीत. टू-पॅक पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे जाऊन एकदा शरीराला त्याचे वावडे जडले की पुढे अल्पशा संपर्कानेही दमा उसळू शकतो. त्याचा वास धोक्याची सूचना देईल इतका वेळेवर येत नाही. रोलर-ब्रशने उघड्यावर काम करतानाही रसायनांच्या वाफांसाठीचा कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत. धुळीचा कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे. स्प्रे करायचा तर बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. तो कोणाही हौशी माणसाकडे नसतो, आणि म्हणून स्प्रे हा घरच्या घरी करण्याचा पर्याय मी धरतच नाही. ज्यांना स्प्रेचीच झळाळी हवी आहे, त्यांनी काम बंदिस्त शेड असलेल्या व्यावसायिकाला द्यावे आणि त्याआधीची घासाघीस आपण करून पैसे वाचवावेत.

ती घासाघीस दोन्ही रंगांना सारखीच आहे, आणि सगळ्या कामाचे तीन-चतुर्थांश तास त्यातच जातात. पेपर मारण्याआधी मेण काढावे, नंतर नाही, कारण मेणावर पेपर मारला की ते ओरखड्यांत जाऊन बसते आणि रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. दोन फडकी घ्यावीत, एकाने थिनर लावावे आणि ते उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. मग बाजूवर पाणी ओतावे. पाणी चादरीसारखे सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब झाले, तर अजून मेण आहे आणि पुन्हा पुसणे आले. त्यानंतर 80 किंवा 120 नंबरचा पेपर, इपॉक्सीची लांबी, टू-पॅक इपॉक्सी प्राइमरचे दोन हात आणि शेवटी 220 व 320. इपॉक्सीवर वाळल्यानंतर कधी कधी मेणचट थर येतो. तो थिनरने जात नाही, साध्या पाण्याने आणि हिरव्या काथ्याने धुवावा लागतो. प्राइमर मात्र दोन्ही बाबतींत टू-पॅकच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. खाली टू-पॅक इपॉक्सी आणि वर सिंगल-पॅक ही जोडी उत्तम बसते, आणि वरचा रंग दर चार वर्षांनी बदलला तरी खालची मेहनत वाया जात नाही.

रंग लावण्याची पद्धत दोन माणसांची आहे. एकाने बारीक फोमच्या रोलरने दीड-दोन फूट रुंदीचा पट्टा पातळ लावत जायचे आणि दुसऱ्याने लगेच मागून जवळजवळ कोरड्या मऊ ब्रशचे केवळ टोक फिरवून रोलरचे बुडबुडे मोडायचे, ओल्याकडून आधीच्या ओल्या कडेकडे. ब्रश एकदाच फिरवायचा. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, आलेला ओघळ मेव्हण्यांनी चार मिनिटांनी मायेने सारखा करायला घेतला आणि तेथे आजही बोटभर रुंदीचा खरखरीत चट्टा आहे. सिंगल-पॅक हळू आवळतो, त्यामुळे तो अशा चुका थोड्याफार पोटात घालतो. टू-पॅक सुरुवातीला फार सुंदर पसरतो, पण योग्य प्रमाणात ब्रशचे थिनर घातले तरच, आणि ते प्रमाण 24 अंशांना वेगळे व 32 अंशांना वेगळे असते. म्हणून टू-पॅक वापरणाऱ्याने आधी जुन्या दारावर किंवा काचेवर सराव करावा.

लाकडी होडीचा प्रश्न निराळा आहे. मुंबईतल्या जुन्या सीबर्ड वर्गातल्या होड्यांसारख्या फळ्यांच्या होड्या पाण्यात फुगतात आणि जमिनीवर आक्रसतात. त्यांच्या सांध्यांवर टू-पॅकचा कडक थर तडकतो, तेथे सिंगल-पॅकच योग्य. उलट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’सारख्या बांधणीत लाकूड इपॉक्सी आणि फायबरमध्ये बंद असते, ते हलत नाही आणि टू-पॅक पेलते. जुन्या लाकडी होडीच्या खालच्या थरांत शेंदूर असू शकतो. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, म्हणून तेथे कोरडा पेपर मारू नये.

पाण्याखालच्या तळाला वरचे दोन्ही रंग चालत नाहीत, कारण सतत पाण्यात राहिले की त्यांना फोड येतात. तळाला इपॉक्सीचा जलरोधक थर आणि त्यावर तांब्याच्या ऑक्साइडचा अँटिफाउलिंग (समुद्री जीव चिकटू न देणारा) रंग लागतो, नाहीतर मुंबईच्या कोमट पाण्यात शिंपले आणि बार्नॅकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) महिना-दोन महिन्यांत वस्ती करतात. त्यातही कडक आणि हळूहळू झिजणारा असे दोन प्रकार आहेत. होडी हंगामभर पाण्यात आणि पावसाळ्यात बाहेर असेल, तर झिजणारा घ्यावा, कारण त्याचे जुने थर साचत नाहीत. जुना अँटिफाउलिंग नेहमी ओला करूनच घासावा, त्याची धूळ विषारी असते. कथिलाच्या संयुगाचे जुने रंग फार परिणामकारक होते, पण ते शिंपल्यांना आणि कालवांना घातक ठरले आणि 2008 पासून आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांवर त्यांना बंदी आहे. कोणी जुना डबा ‘खास माल’ म्हणून देऊ केला, तर घेऊ नये.

गडद निळ्या रंगाचा मोह अनेकांना होतो. आपल्या उन्हात गडद बाजू इतकी तापते की फायबरचे विणकाम रंगातून उमटू लागते आणि आतल्या खोलीची भट्टी होते. आम्ही दोन्ही वेळा पांढराच दिला आणि निळी हौस पाण्याच्या रेषेवरच्या पट्ट्यावर भागवली.

तेव्हा ज्यांच्याकडे छप्पर आहे, जुना थर टू-पॅकचा किंवा नुसता जेलकोट आहे, होडी तरंगत्या जेटीवर सुरक्षित बांधली जाते आणि ओरखडा पडल्यास संपूर्ण बाजू पुन्हा करण्याची तयारी आहे, त्यांनी टू-पॅक जरूर द्यावा. त्याची झळाळी सिंगल-पॅकला कधीही येत नाही. उघड्या जागेत, दोन माणसांनी, रविवारच्या हिशेबाने काम करणाऱ्यांना मी इपॉक्सी प्राइमरवर सिंगल-पॅकच सुचवीन. कोणताही दिला तरी आठवडाभर फेंडर (धक्का झेलणाऱ्या उशा) बाजूला टेकवू नयेत, आणि रंगाचे नाव, छटेचा क्रमांक, थिनर आणि तारीख लॉकरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पक्क्या शाईने लिहून ठेवावी. आमच्या होडीवर आधीच्या मालकाने तेवढे लिहिले असते, तर थिनरचा बोळा घेऊन होडीभोवती फिरण्यात आमचा जो अख्खा दिवस गेला तो गेला नसता.