कार क्लबचे गट: नावावर, इंजिनावर की रस्त्यावर?

धुळे, जळगाव आणि नंदुरबार मिळून कार क्लब काढायचा म्हटलं की टी-शर्टचा रंग पहिल्याच बैठकीत ठरतो. अडतं ते गटांवर. थारवाल्यांना वेगळं बसायचं असतं, फियाटवाल्यांना कुणात मिसळायचं नसतं, आणि फियाटचीच लिनिया सेडान घेऊन आलेला एकटा माणूस कोपऱ्यात चहा पीत उभा असतो. गट पाडायच्या वाटा मुख्यतः तीन. तिन्हींत मिळतं काय आणि जातं काय, ते बघू.

सगळ्यात सोपी वाट मॉडेलच्या नावाची. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, मालकाला अभिमान असतो, एकसारख्या गाड्यांची रांग फोटोत झकास दिसते. मोठ्या शहरात एकेका मॉडेलच्या गाड्या भरपूर, त्यामुळे तिथे हे निभावतं. आपल्याकडे स्विफ्ट, थार, स्कॉर्पिओचे गट भरतील. बाकी ठिकाणी एकेक, दोन-दोन जण. असा गट महिन्याभरात मुका होतो.

दुसरी गोम अशी की नाव फसवतं. 2010ची थार, 2 ऑक्टोबर 2020ला आलेली थार आणि 2024ची पाच दारांची रॉक्स, तिघींच्या पाटीवर थारच. 2023पासून तर तीन दारांच्या नव्या थारचा फक्त मागच्या चाकांना जोर देणारा प्रकारही मिळू लागला. म्हणजे ‘थार गट’ चिखलात नेला, तर त्यातल्या काही थारच आधी ओढून काढाव्या लागतील. स्कॉर्पिओचंही तेच. 2022पासून क्लासिक आणि एन या दोन अगदी वेगळ्या गाड्या एकाच नावाखाली विकल्या गेल्या. उलट मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा मुळात एकच गाडी, पण नावावर गट पाडले की दोघी वेगवेगळ्या पंगतीत बसतात. कंपनीवार गट पाडले तरी हाच घोळ, फक्त मोठ्या मापाचा.

दुसरी वाट इंजिनाची आणि पिढीची. खटपट्या माणसाला हीच आवडते, आणि त्यात तथ्य आहे. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. 1248 सीसीचं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं, नावं मात्र डीडीआयएस, क्वाड्राजेट अशी निरनिराळी. 2020मध्ये बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आले आणि मारुतीने हे इंजिन बंद केलं. आता टर्बोने कुरकुर केली किंवा टायमिंग चेन वाजायला लागली, तर लिनियावाल्याला दुसरा लिनियावाला शोधायची गरज नाही. भुसावळचा डिझायरवाला आणि त्याचा मिस्तरी पुरतो. मॉडेलच्या गटात ही दोघं एकमेकांना कधी भेटलीच नसती. तोटा असा की नव्या सभासदाला आपल्या गाडीत कुठलं इंजिन आहे हे बहुतेकदा ठाऊक नसतं, आणि घरची मंडळी तर इंजेक्टरच्या गप्पांनी दहा मिनिटांत कंटाळतात. सल्ल्याला हा गट उत्तम, सहलीला कुचकामी.

सहलीला तिसरी वाट: गाडी कुठे जाऊ शकते, त्यावरून गट. शहाद्याहून तोरणमाळचा घाट, चाळीसगाववरून कन्नडचा घाट, रावेरकडून पालला जाणारा सातपुड्यातला रस्ता. डांबर असेल तिथे कुठलीही गाडी जाते. पण पहिल्या पावसानंतर शेतरस्त्याची काळी माती चाकाला चिकटून चाकच दुप्पट जाड होतं, तेव्हा बोनेटवरचं नाव बघायला कुणाला सवड नसते. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या, एकीकडे, उंच पण दोन चाकांना जोर देणाऱ्या गाड्या दुसरीकडे, सेडान-हॅचबॅक तिसरीकडे, एवढं पुरे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सहलीची आखणी चार्जिंगच्या ठिकाणांवरून करावी लागते, म्हणून त्या सध्या वेगळ्या ठेवा.

जुन्या गाड्यांना मात्र स्वतंत्र गट द्यावाच, आणि त्यात मॉडेलवरून पोटगट नकोत. अँबेसिडर असो की प्रीमियर पद्मिनी, मे महिन्यात जळगावात ४५च्या पुढे पारा गेला की दोघींचा आजार एकच. फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ होते, गाडी आचके देत थांबते, मालक बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवतो आणि जाणारा विचारतो, “काय भो, बंद पडनी का?” या गटाला खरी विभागणी लागते ती कागदपत्रांची. 2021च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला 5,000. पण मग ती गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच. त्यामुळे मागाहून दुसरं डिझेल इंजिन बसवलेली जीप आणि मूळ रूपातली फियाट 1100 यांना एकाच रांगेत उभं करून सगळ्यांना सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणू नका.

तालुकावार गट हवाच असेल तर भरीत पार्टीपुरता ठेवा. शहाद्याचा माणूस दर रविवारी रावेरला येणार नाही, हे खरंच आहे.

माझं मत सांगतो. क्लबात एकूण पंचवीस-तीस गाड्या होईपर्यंत मॉडेलचा गट काढूच नका. सहल रस्त्याप्रमाणे, सल्ला इंजिनाप्रमाणे, जुन्या गाड्या वेगळ्या. एखाद्या मॉडेलच्या सहा गाड्या एका रविवारी खरोखर जमल्या, की त्या नावाचा गट खुशाल द्या. कागदावरच्या सहा मोजू नका. सभासद नोंदवताना मॉडेलपुढे वर्ष, इंजिन, जोर किती चाकांना आणि काय बदल केलेत, एवढं लिहून घेतलं की पुढे कधीही कसेही गट पाडता येतात. ज्याच्या दारात फियाट आणि स्कॉर्पिओ दोन्ही आहेत, त्याला दोन्ही गटांत बसू द्या, पण पदाधिकारी निवडताना मत एकच.