प्राडोमागे कॅरॅव्हॅन: एअरबॅग, जाड स्प्रिंग की जीव्हीएम अपग्रेड?

मेलबर्न-सिडनीकडच्या ज्या मंडळींनी कॅरॅव्हॅन घेतली आहे किंवा घ्यायचं चाललं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कॅरॅव्हॅन जोडली की गाडीची शेपटी खाली बसते. त्यावर काय बसवायचं, हा प्रश्न आहे. उदाहरणासाठी १५० मालिकेची डिझेल टोयोटा प्राडो आणि भरल्यावर २३०० किलो होणारी कॅरॅव्हॅन धरू. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या दुसऱ्या गाड्यांनाही हे बहुतेक लागू पडतं. मागे कमानपाटे असलेल्या यूटचं, म्हणजे मागे सामानाचा ट्रे असलेल्या गाडीचं, शेवटी वेगळं सांगतो.

आधी वजनाचा हिशेब करा, कारण त्यातून अर्धा निर्णय तिथेच होतो. या प्राडोचा जीव्हीएम, म्हणजे माणसं-सामानासह गाडीचं जास्तीत जास्त कायदेशीर वजन, २९९० किलो आहे. रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की मॉडेलप्रमाणे ५५० ते ६५० किलोच्या आसपास उरतात. कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा भाग टो-बॉलवर, म्हणजे ती जिथे जोडतात त्या गाडीमागच्या गोळ्यावर येतो, म्हणजे आपल्या उदाहरणात २३० किलो, आणि तो गाडीच्या खात्यात मोजला जातो. चार माणसांचे २८० किलो धरा. आता बुलबार (पुढचं लोखंडी संरक्षक कठडं), दुसरी बॅटरी, फ्रिज, रूफरॅक या सगळ्यांसाठी शंभरभर किलोच हातात राहतात. मागच्या आसाची मर्यादा वेगळी असते आणि कित्येकदा तीच आधी संपते. म्हणून काही विकत घेण्याआधी सगळं सामान भरून, कॅरॅव्हॅन जोडून, सार्वजनिक वजनकाट्यावर जा आणि पुढचा आस, मागचा आस व कॅरॅव्हॅन असे तिन्ही आकडे वेगवेगळे घ्या.

दुसरी गोष्ट दुकानात फारशी कोणी सांगत नाही. टो-बॉल मागच्या आसापासून सुमारे १.२ मीटर मागे असतो आणि प्राडोच्या दोन आसांमध्ये २.७९ मीटरचं अंतर आहे. तरफेच्या नियमाने त्या २३० किलोंमुळे मागच्या आसावर जवळपास ३३० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून शंभरेक किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या टायरची पकड कमी होते. एअरबॅग, म्हणजे स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी, किंवा जाड स्प्रिंग गाडीची शेपटी वर आणते, पण हे शंभर किलो पुढे परत आणत नाही. गाडी सपाट दिसते, आसांवरची वाटणी मात्र होती तशीच राहते.

ते वजन पुढे ढकलणारं साधन एकच आहे, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भार वाटून देणारी जोडणी. त्याचे ताणलेले दांडे काही भार पुढच्या आसावर आणि काही कॅरॅव्हॅनच्या चाकांवर नेतात. डांबरी हायवेवर हे साधन मला सस्पेन्शनच्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा मोलाचं वाटतं. पण खोल नाले, उंचसखल कच्चा रस्ता लागला की दांडे काढावे लागतात, कारण तिथे गाडी आणि कॅरॅव्हॅन एकमेकांशी मोठा कोन करतात आणि सगळा ताण चॅसिसवर जातो. काही उत्पादक हे हिच वापरू नका असं स्पष्ट सांगतात, काही कपलिंगवर, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या जोडावर, ते बसतच नाही. गाडीचं आणि कपलिंगचं, दोन्ही पुस्तकं आधी उघडा.

आता एअरबॅग की जाड स्प्रिंग. माझ्या मते प्रश्न एवढाच आहे: वजन गाडीवर कायम असतं की सुट्टीपुरतं?

कॉइलच्या आत बसणारी एअरबॅग काहीशे डॉलरमध्ये होते. कॅरॅव्हॅन सोडली की हवा कमी करायची आणि सोमवारी ऑफिसला मूळच्या मऊ गाडीने जायचं. साधारण ५ पीएसआय हवा मात्र कायम ठेवायची, नाहीतर बॅग स्प्रिंगमध्ये चिमटून फाटते. दोन्ही बॅगांच्या नळ्या वेगळ्या घ्या. एकाच नळीवर असल्या तर वळणावर बाहेरच्या बाजूची हवा आतल्या बाजूला जाते आणि गाडी जास्त कलंडते. काही गाड्यांत बॅगेसाठी बंप-स्टॉप, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली की आधार देणारा रबरी ठोकळा, कापावा किंवा काढावा लागतो. मग आडरानात बॅग फुटली तर खाली आधार उरत नाही.

कायम भाराची जाड स्प्रिंग उलट स्वभावाची आहे. एआरबीची ओल्ड मॅन एमू, डॉबिन्सन्स, लव्हेल्स असे बरेच ऑस्ट्रेलियन ब्रँड एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराच्या स्प्रिंग देतात. भार बरोबर निवडला तर कच्च्या रस्त्यावर गाडी एअरबॅगपेक्षा समजूतदार चालते आणि फुटण्यासारखं काही नसतं. पण ४०० किलो भाराची स्प्रिंग बसवून गाडी वर्षभर रिकामी फिरवली, तर मागचा भाग वर राहतो, प्रत्येक स्पीडब्रेकरला पाठीत दणका बसतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं उड्या मारतात. आपल्या उदाहरणातलं कुटुंब वर्षातून काही आठवडेच कॅरॅव्हॅन ओढत असेल, तर मी एक पायरी जाड स्प्रिंग, म्हणजे गाडीवर कायम असणाऱ्या सामानापुरती, आणि वरच्या भारासाठी आत एअरबॅग अशी जोडी घेईन. ड्रॉवर, मोठी टाकी, फ्रिज गाडीत कायमच असेल तर पूर्ण भाराची स्प्रिंग घ्या आणि बॅगेचा नाद सोडा.

शॉकअपवर पैसे वाचवू नका. स्प्रिंग जाड केली की ती उसळते जोरात, आणि ती उसळी कंपनीच्या शॉकअपला आवरत नाही. मग गाडी आणि कॅरॅव्हॅन आळीपाळीने डुलायला लागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिब रिव्हर रोड हा सुमारे ६६० किलोमीटरचा पट्टा आहे आणि त्यातला मोठा भाग खडीचा, पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांचा. तिथे शॉकअपमधलं तेल तापून पातळ होतं, त्यात फेस होतो आणि उसळी आवरण्याची ताकद जाते. मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण दगडाने नळीला पोचा आला की आतला पिस्टन अडकतो. ट्विन-ट्यूबमध्ये दोन नळ्या असतात, त्यातली बाहेरची नळी तसा मार सोसते. फोम-सेल प्रकारात गॅसऐवजी फोम असतो, त्यामुळे तेलात फेस होत नाही. लांबच्या खडीच्या रस्त्यासाठी मी फोम-सेल घेईन, आणि मुक्काम डांबरी रस्त्याच्या कॅरॅव्हॅन पार्कांतच असेल तर साधा चांगला ट्विन-ट्यूब.

यातलं काहीही बसवलं तरी जीव्हीएम आपोआप वाढत नाही. वजनकाट्यावर गाडी २९९० च्या वर गेली असेल तर दोनच रस्ते आहेत, सामान कमी करा किंवा प्रमाणित जीव्हीएम अपग्रेड घ्या. अपग्रेडचे काही हजार डॉलर लागतात. नोंदणीपूर्वी केलेलं सगळ्या राज्यांत चालतं. नोंदणीनंतरचं राज्याच्या नियमाने आणि मान्यताप्राप्त अभियंत्याच्या सहीने होतं, म्हणून दुसऱ्या राज्यात राहायला जायचं असेल तर आधी चौकशी करा. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून जी मर्यादा असते तो जीसीएम, आणि जीव्हीएमसोबत तो वाढतोच असं नाही. जाहिरातीत ३५०० किलो ओढणारी इसुझूची डी-मॅक्स यूट उदाहरणाला घ्या. तिचा जीसीएम ६००० किलोच्या आसपास आहे. कॅरॅव्हॅन पूर्ण ३५०० ची असेल तर गाडी, माणसं आणि सामान मिळून २५०० मध्ये बसवावं लागतं.

यूटवाल्यांनी एअरबॅगच्या बाबतीत जास्त जपावं. कमानपाटे आपला भार चॅसिसवर दोन टोकांना पुढे-मागे वाटून देतात. चॅसिस आणि आस यांच्यामध्ये बसवलेली बॅग तोच भार एका जागी आणते. तिच्यात भरपूर हवा, ट्रेमध्ये मागे जड सामान, टो-बॉलवर जड कॅरॅव्हॅन आणि वेगात आलेला खड्डा एवढं जुळलं की चॅसिस वाकतो. दुहेरी केबिनच्या यूटमध्ये मागच्या आसाच्या पलीकडे लोंबणारा भाग मोठा असतो, म्हणून धोका तिथे जास्त. जड कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या यूटला मी जास्त भाराचे नवे कमानपाटेच सुचवेन. बॅग घेतलीच, तर फक्त मागचा उरलेला थोडा झुकाव काढण्यापुरती हवा भरा आणि जड सामान ट्रेमध्ये केबिनला चिकटून ठेवा.