पडदा कोणता घ्यायचा? आधी समोर उभ्या राहणाऱ्याच्या डोळ्यांचं बघा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळा, क्लासेस आणि मंगल कार्यालयांत हा प्रश्न हमखास निघतो: प्रोजेक्टरच ठेवावा, डिजिटल पॅनल (फळ्यासारखा लिहिता येणारा मोठा टच स्क्रीन) घ्यावं की एलईडी वॉल (छोट्या-छोट्या दिव्यांची बनलेली भिंतीएवढी स्क्रीन) लावावी? कोटेशनमध्ये इंच, किंमत आणि वॉरंटी लिहिलेली असते. पण रोज चार-चार तास त्या पडद्याला खेटून उभ्या राहणाऱ्या सर-मॅडमच्या किंवा निवेदकाच्या डोळ्यांचं काय, हा रकाना कुणीच भरत नाही. तो भरल्याशिवाय सही करू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

एक भीती आधी काढून टाकू. पडद्याकडे बघून नेत्रपटल जळतं, याला पुरावा नाही. त्रास होतो तो वेगळा आणि खरा: डोळे दिपतात, पापण्या कमी लवतात, चुरचुर सुटते, संध्याकाळी कपाळ ठणकतं.

प्रोजेक्टरपासून सुरुवात करू. टेबलावर ठेवलेला साधा प्रोजेक्टर बोलणाऱ्यासाठी तिघांतला सर्वात वाईट. वर्गाकडे तोंड केलं की झोत थेट डोळ्यांत येतो. लेन्सजवळच्या इशाऱ्यात झोताकडे टक लावून पाहू नका असं म्हटलेलं असतं, ते गंभीरपणेच घ्यायचं. पडद्यावरचा उजेड मात्र तितका त्रासाचा नाही. ३५०० लुमेन्सचा (लुमेन्स म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड) प्रोजेक्टर १०० इंची पडद्यावर कागदोपत्री ४०० निट्सच्या (निट्स म्हणजे पडदा डोळ्याला किती उजळ दिसतो त्याचं माप) आसपास जातो, म्हणजे पॅनलइतकाच. खरी अडचण झोताची आहे. त्यामुळे प्रोजेक्टरच परवडत असेल तर फळ्याच्या वर भिंतीला लागणारा, अगदी जवळून चित्र टाकणारा ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’ घ्या. त्याचा उजेड वरून तिरका पडतो आणि वर्गाकडे बघताना डोळ्यांवर येत नाही. फक्त फळ्यापाशी उभं राहून वर लेन्सकडे बघायचं नाही. जुना प्रोजेक्टर असेल तर तो छताला टांगा, इको मोडवर (कमी उजेडाच्या सेटिंगवर) चालवा आणि पडद्याच्या एका बाजूला उभं राहायची सवय लावा.

पॅनलमध्ये झोत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण इथे दुसरीच गोम आहे. ३०० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेडाच्या वर्गात पांढरा कागद साधारण ७५ निट्स इतका उजळ दिसतो. पॅनल फुल ब्राइटनेसवर ३५० ते ४५० निट्स देतं, म्हणजे कागदाच्या जवळपास पाचपट. त्यातून ८६ इंची पॅनल सुमारे १.९ मीटर रुंद असतं. हातभर अंतरावर उभं राहून त्यावर लिहिताना जवळजवळ सगळी नजर त्या उजेडानेच भरून जाते. मागच्या बाकावरच्या मुलाला तेच पॅनल छोटं दिसतं, म्हणून त्याची तक्रार येत नाही.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर पडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की दुपारच्या क्लासला खिडक्या बंद, पडदे ओढलेले, ट्यूब एखादीच सुरू. अंधारात बाहुल्या मोठ्या होतात आणि समोर पॅनल पूर्ण पेटलेलं! शिवाय कूलरचा झोत तोंडावर. आधीच कोरड्या हवेत डोळे सुकायला आणखी काय लागतं? पॅनल घेतलं तर आधी खोलीतले दिवे लावा आणि कूलर मुलांकडे वळवा. मग पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरून ब्राइटनेस कमी करत जा, स्क्रीन आणि कागद सारखे दिसू लागेपर्यंत. याला एक पैसाही लागत नाही.

एलईडी वॉलची गोष्ट न्यारी. हॉलमधल्या वॉलची ताकद साधारण ६०० ते १००० निट्स, तर बाहेरच्या वॉलची चार-पाच हजारांच्या घरात, कारण ती भर उन्हात दिसायची असते. तीच बाहेरची वॉल रात्रीच्या रिसेप्शनला किंवा मेळाव्याला लावली की निवेदकाची परीक्षा होते. तोंड लोकांकडे आहे तोवर ठीक. पाहुण्यांचं नाव वाचायला तो मागे वळतो, समोर पांढरीफेक स्लाइड, आणि परत वळल्यावर पहिली रांगच गायब! हातातल्या कार्डावरची अक्षरंही क्षणभर दिसत नाहीत. स्टेजच्या पायऱ्या उतरताना तर हे धोक्याचंच.

ऑपरेटरला “भाऊ, उजेड जरा कमी कर” म्हटलं की उत्तर येतं, “फोटोत पट्टे येतील.” ते अगदीच खोटं नाही. कमी रिफ्रेश रेटची (म्हणजे सेकंदाला कमी वेळा चित्र ताजं करणारी) वॉल मंद केली की कॅमेऱ्यात लकाकते. म्हणून भाडं ठरवतानाच ३८४० हर्ट्झची वॉल मागा. मग रात्री ती पूर्ण उजेडाच्या पाचव्या हिश्श्यावर चालवली तरी चित्र उत्तम दिसतं. बोलणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड केलेला एक छोटा मॉनिटर ठेवायला सांगा, म्हणजे मागे वळायची वेळच येत नाही. स्लाइडची पार्श्वभूमी गडद ठेवा. वॉलमध्ये काळा भाग म्हणजे विझलेले दिवे, त्यामुळे उजेड खरोखर घटतो.

आता चष्म्याचं. दुकानात ‘ब्लू कट’ (निळा उजेड अडवणाऱ्या) काचा हटकून गळ्यात मारतात. २०२३ च्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १७ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असं काही त्यात दिसलं नाही. उन्हात काळा होणारा चष्माही हॉलमध्ये उपयोगाचा नाही, कारण तो अतिनील किरणांनी काळा होतो आणि पडद्यातून ते नावापुरतेच येतात. नंबरचा चष्मा असेल तर पैसे अँटी-रिफ्लेक्शन (काचेवरची चमक कमी करणाऱ्या) कोटिंगवर घाला, स्टेजच्या दिव्यांची चकाकी त्याने खरंच कमी होते. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह काच (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेली) वापरणाऱ्यांना जवळून पॅनल वाचताना मान वर करावी लागते. त्यांनी पॅनल थोडं खाली बसवून घ्यावं.

माझं मत विचाराल तर पन्नासेक मुलांच्या वर्गाला पॅनल, ८६ ऐवजी ७५ इंची. बजेट तोकडं असेल तर अल्ट्रा शॉर्ट थ्रो. वॉल फक्त मोठ्या हॉलला आणि मंडपाला, तीही मॉनिटरसकट.

डेमो भर दुपारी शोरूममध्ये बघू नका. तुमच्याच खोलीत मागवा आणि जो रोज शिकवणार आहे त्याला अर्धा तास पांढऱ्या स्लाइडवर शिकवू द्या. आणि एकाच डोळ्याला अंधुक दिसणं, अचानक काळे ठिपके, दुखणं असं काही असेल तर दोष पडद्याला देत बसू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.