ट्रेल बाइक मॉडिफाय करून घेताना झालेली फसवणूक: न झालेलं काम झाल्यासारखं कसं वाटलं

ज्यांच्याकडे दोनशे सीसीच्या आसपासची ट्रेल बाइक (कच्च्या डोंगरवाटांवर चालवायची हलकी गाडी) आहे आणि जे ती मॉडिफाय करायला कुणाच्या तरी हातात देणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गाडीच्या कामात फसवणूक म्हटलं की डुप्लिकेट पार्ट डोळ्यांपुढे येतो. माझ्या बाबतीत डुप्लिकेट पार्टही निघाला, पण मुख्य प्रकार वेगळाच होता. जे काम केलं म्हणून पैसे घेतले ते झालंच नव्हतं, आणि तरीही गाडी चालवताना ते झाल्यासारखं वाटत होतं. हे कसं जमवतात ते कळलं तर पुढचा माणूस सावध होईल.

गाडी जुनी, एअर-कूल्ड, एका सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देतो तो भाग). बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 67 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 55.7 मिमी, म्हणजे 196 सीसी. या वर्गातल्या गाड्यांवर माझा जीव आहे. यामाहाची सेरो 1985 मध्ये 223 सीसीचं इंजिन घेऊन आली, 2005 मध्ये तिचं इंजिन 250 सीसीचं झालं आणि 2020 पर्यंत ती बनत राहिली. मोठ्या, ताकदवान गाड्या असतानाही लोक अशा गाड्या घेत राहिले, कारण दगडधोंड्यांच्या चढावर गाडी पडली तर ती एकट्या माणसाला उचलता आली पाहिजे. ताकद कमी असते, सस्पेन्शन मऊ असतं, हे खरं. म्हणून तर लोक मॉडिफिकेशनच्या मागे लागतात. मलाही पाठीवर सामान घेऊन उतरताना पुढचे शॉकप तळाला आपटायचे आणि खड्या चढावर दुसऱ्या गिअरला इंजिन दमायचं, तेवढं दुरुस्त करून हवं होतं.

ज्याला काम दिलं तो ऑफ-रोड गाड्यांचाच कारागीर म्हणून ओळखला जाणारा. मी कामाची यादी लिहून दिली आणि त्यावर त्याची सही घेतली. पुढच्या शॉकपमध्ये माझ्या वजनाला साजेशा जाड स्प्रिंगा. 70 मिमीचा पिस्टन आणि सिलिंडर, म्हणजे बिग बोअर किट. आणि वाढलेल्या बोअरला जुळेल असं कार्ब्युरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या जेटचं माप. 67 चा बोअर 70 केला की 196 चे 214 सीसी होतात, साधारण 9 टक्के वाढ. तेवढीच अपेक्षा होती.

गाडी परत मिळाली तेव्हा इंजिनाच्या हेडवरच्या नटांना पिवळ्या रंगाचे ठिपके लावलेले होते. "ताई, हे सील आहे. नट उघडले की वॉरंटी गेली," तो म्हणाला. "आणि पहिले हजार किलोमीटर फार पिळू नका, पिस्टन नवा आहे. खरी ताकद त्यानंतर कळेल." दोन्ही वाक्यं किती विचार करून बोललेली होती ते मला नंतर समजलं. नव्या पिस्टनला रनिंग-इन लागतं हे खरंच आहे. पण त्या सबबीखाली ग्राहक महिना-दोन महिने इंजिनाची परीक्षा घेत नाही, आणि सीलच्या धाकाने ते उघडूनही बघत नाही. तोवर पैसे पोहोचलेले असतात आणि तक्रारीतला जोर गेलेला असतो.

गाडी खरंच जोरात निघायची. क्लच सोडला की पुढे झेपावायची, चढावर दुसरा गिअर सहज ओढायचा. आवाज दणदणीत झाला होता. हँडल दाबलं तर पुढचं टोक घट्ट लागायचं. मी खूश होते.

शंका आली ती सपाट रस्त्यावर. गाडीला टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) नाही, पण नेहमीच्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिनाचा सूर कसा असतो ते कानाला पाठ असतं. तो सूर चढलेला होता. बोअर वाढवल्याने हे होत नाही. ठरावीक वेगाला, ठरावीक गिअरमध्ये इंजिन किती फेरे घेईल हे फक्त गिअरिंग आणि टायरचा व्यास ठरवतात, पिस्टन कितीही मोठा असो. मग चेनकव्हर काढून पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात मोजले. कंपनीचं स्प्रॉकेट 14 दातांचं, मागचं 50 चं. पुढे आता 13 दातांचं बसवलेलं होतं. यादीत ते कुठेही नव्हतं.

हिशोब बघा. 50 भागिले 14 म्हणजे 3.57. 50 भागिले 13 म्हणजे 3.85. पुढचा एक दात कमी केला की प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर जवळजवळ 8 टक्क्यांनी वाढतो. बिग बोअरने मिळणार होते 9 टक्के. बुडाला बसणारा धक्का जवळजवळ सारखाच. फरक एवढाच की स्प्रॉकेटने इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही. टॉप स्पीड कमी होतो, पेट्रोल जास्त जातं आणि लांबच्या रस्त्यावर इंजिन कायम चढ्या फेऱ्यांवर ओरडत राहतं. स्प्रॉकेट ही या गाडीतली सगळ्यांत स्वस्त वस्तूंपैकी एक, आणि बदलायला अर्धा तासही लागत नाही. आवाजाचं कारणही सापडलं: सायलेन्सरमधला बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा आतला भाग, काढून टाकलेला. मोठा आवाज ऐकला की मन ताकदीचा अंदाज आपोआप वर नेतं, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

तेव्हाच ठरवलं की सील गेलं तरी चालेल. पिवळा ठिपका नखाने खरवडला, तर रंगाच्या पापुद्र्याबरोबर वाळलेल्या मातीची खपली निघाली. रंग थेट जुन्या चिखलावर लावलेला होता. ज्या नटाला पाना लागला आहे त्याच्या कडांवर माती राहत नाही. प्लग काढून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा भोकातून आत सोडला. पिस्टनच्या डोक्यावर जुन्या कार्बनचा जाड, भेगाळलेला काळा थर. नव्या पिस्टनवर इतक्या थोड्या चालवण्यात असा थर बसत नाही. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रीकडून हेड उतरवून घेतलं आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. बोअर 67. सिलिंडरला कोणी हातही लावला नव्हता.

आता शॉकप. इथली लबाडी जास्त बारीक आहे आणि मला वाटतं सगळ्यांत जास्त माणसं इथेच फसतात. सस्पेन्शनचं काम तपासायची रीत म्हणून लोक काय करतात? उभ्या गाडीचं हँडल दाबून बघतात. त्या दाबण्यातून स्प्रिंग कळतच नाही. तेल जाड भरलं तरी हाताला घट्टपणा लागतो, आणि स्प्रिंगच्या वर लांब स्पेसर घालून ती आधीच आवळून ठेवली तरी लागतो.

हे ओळखायचं असेल तर दोन मापं घ्यावी लागतात. पुढचं चाक हवेत उचलून शॉकप पूर्ण लांब होऊ द्या आणि आतल्या नळीचा उघडा भाग मोजा. मग गाडी जमिनीवर, कोणी न बसता, सरळ उभी करून मोजा: किती मिलिमीटर बसली ते फ्री सॅग. मग नेहमीच्या कपड्यांत, सामानासकट त्यावर बसून, दुसऱ्याला मोजायला सांगा: तो रायडर सॅग. रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (शॉकप जास्तीत जास्त दबतो त्या अंतराच्या) पाव ते एक तृतीयांश असावा, म्हणजे 160 मिमी ट्रॅव्हलला 40 ते 53 मिमी. माझा कामाआधी 70 होता, कामानंतर 52 भरला. एवढंच बघितलं असतं तर काम चोख झालं असं वाटलं असतं. पण फ्री सॅग जवळजवळ शून्य निघाला. गाडी स्वतःच्या वजनाने बसायलाच तयार नव्हती, आणि चाक हवेत गेलं की शॉकप वर टक्कन आपटायचा. रायडर सॅग बरोबर आणि फ्री सॅग नाहीसा, याचा अर्थ मऊच स्प्रिंग जबरदस्तीने आवळलेली आहे. स्प्रिंग खरोखर ताठ असती तर दोन्ही मापं ठीक आली असती.

वरची टोपी उघडली. आत कंपनीचीच स्प्रिंग, तिच्यावरची फॅक्टरीतली रंगाची खूणसुद्धा शाबूत. तिच्या वर नळाच्या प्लॅस्टिक पाइपचा करवतीने कापलेला तुकडा, एका बाजूने तिरका, आणि उंची भरून काढायला लोखंडी वॉशरांची चळत. त्यातला एक वॉशर तडकलेला होता. त्याचा तुकडा निसटून खाली गेला असता तर डॅम्पिंगच्या भोकांत (ज्यांतून तेल सरकून शॉकपची हालचाल आवरते) अडकला असता. तेल ओतलं तर वरचं जाड आणि ताजं, तळाला जुना राखाडी गाळ, कुबट मासळीसारख्या वासाचा. म्हणजे जुनं तेल नीट काढलंही नव्हतं. जाड तेलाने बारीक खडीवर शॉकप लागोपाठच्या धक्क्यांत परत लांब व्हायला उशीर करतो, दर धक्क्याला आणखी आखडत जातो आणि पुढचं चाक पकड सोडून भरकटतं. उतारावर मला ते जाणवत होतं. "नवीन स्प्रिंग सेट व्हायला वेळ लागतो," असं उत्तर मिळालं होतं.

स्प्रिंग नवी आहे का, हे बाहेर काढल्यावर ओळखणं अवघड नाही. तारेची जाडी मोजा. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून 4.2 मिमीची तार 4.5 झाली तरी, बाकी सगळं तेच असेल तर, स्प्रिंग जवळपास 32 टक्के ताठ होते. तारेची जाडी तीच, वेढे तितकेच आणि स्प्रिंगचा व्यासही तोच असेल, तर ती जुनीच स्प्रिंग आहे. कितीही नवा रंग मारलेला असो.

राहिला कार्ब्युरेटर, आणि याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. माझा मूळ व्हॅक्यूम कार्ब्युरेटर काढून त्याने दुसरा बसवला होता. "बोअर वाढला की जुना पुरत नाही ताई, हा रेसिंगचा टाकलाय, वर काही घेतलं नाही." मी जुना परत मागितला तर म्हणाला, तो काढताना फुटला, भंगारात गेला. अशा जुन्या गाड्यांचे मूळ कार्ब्युरेटर आता सहज मिळत नाहीत, आणि ज्यांच्या गाड्या अडून बसलेल्या असतात ते वाटेल ती किंमत देतात. फुकट दिलेली वस्तू कशाच्या बदल्यात होती ते यावरून समजा. नवा कार्ब्युरेटर एका नामांकित बनावटीची नक्कल होती: ओतकामातली अक्षरं बुजलेली, आतल्या जेटवर आकडाच नाही, स्लाइडच्या (हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या) कडा खरखरीत. संथ, तांत्रिक वाटेवर व्हॅक्यूम कार्ब्युरेटर फार उपयोगाचा, कारण थ्रॉटल एकदम उघडला तरी स्लाइड इंजिनाच्या ओढीनुसारच वर जाते. या नकलेत केबल स्लाइडला थेट ओढत होती. थ्रॉटल झटक्यात उघडला की इंजिन गुदमरायचं, नेमकं चढावरच्या वळणावर.

फोटो, मापं आणि सही केलेली यादी घेऊन मी गेले. आधी त्याचं म्हणणं एकच: "तुम्ही सील तोडलं, आता माझी जबाबदारी नाही." मग लेखी नोटीस पाठवली. सिलिंडर आणि स्प्रिंगांचे पैसे बरीच टोलवाटोलवी झाल्यावर तुकड्या-तुकड्यांनी परत आले. कार्ब्युरेटर आला नाही. पैसे आले ते त्या सहीमुळे, हे स्पष्ट सांगते. तोंडी ठरलेलं असतं तर 'बोअर' हा शब्दसुद्धा निघाला नव्हता, असं तो म्हणाला असता.

आता मी कुणाकडेही काम दिलं तर काढलेला प्रत्येक पार्ट परत मिळेल हे कागदावर लिहून घेते. सिलिंडर बदलला असेल तर जुना सिलिंडर, स्प्रिंग बदलली असेल तर जुनी स्प्रिंग. जो म्हणतो जुनं फेकून दिलं, त्याला पैसे देण्याआधी नवं उघडून दाखवायला सांगा. गाडी देण्याआधी दोन्ही स्प्रॉकेटचे दात, दोन्ही सॅग, कार्ब्युरेटरवरचे आकडे यांची नोंद आणि फोटो ठेवा, आणि कार्ब्युरेटरच्या आतल्या बाजूला एखादी ओरखड्याची खूण करा. चांगला कारागीर यावर रागावत नाही. ज्याने माझं हेड उतरवलं त्याने स्वतःच व्हर्नियर माझ्या हातात दिला होता.

तुमच्या गाडीतही असा फुकटचा रेसिंग कार्ब्युरेटर बसवलेला असेल, तर बाकी सगळ्याआधी आजच एक गोष्ट तपासा. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सोडून द्या. स्लाइड टक्कन खाली बसल्याचा आवाज आला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे वळवून तेच, पूर्ण उजवीकडे वळवून तेच. मग स्टँडवर इंजिन गरम होऊ द्या, बंद करा आणि पुन्हा करा, कारण खराब ओतकामातली स्लाइड गरम झाल्यावर अडकते. एकदाही अडखळली तर गाडी बाहेर काढू नका. माझी गरम झाल्यावर अडकायची, आणि उतारावर थ्रॉटल बंद न होणं म्हणजे काय ते ट्रेलवर चालवणाऱ्याला सांगायला नको.