पोस्टग्रेसमध्ये जुनी बिलं दुसऱ्या टेबलात हलवताना: काही महिन्यांचा अनुभव

घाऊक औषधविक्रीच्या एका डेटाबेसमधली सरलेल्या आर्थिक वर्षांची बिलं चालू टेबलातून काढून जुन्या नोंदींच्या टेबलात टाकायचं काम मी गेले काही महिने पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या साध्या एसक्यूएलने (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेने) करते आहे. आधी त्यासाठी पायथनची स्क्रिप्ट होती. आता 'इन्सर्ट इंटू… सिलेक्ट' (एका टेबलातून निवडून दुसऱ्यात टाकणारी आज्ञा) सर्व्हरच्या आतच सगळं उरकतं, डेटा नेटवर्कवरून ये-जा करत नाही. वेगातला फरक लगेच जाणवतो.

पण माझ्यासाठी खरी मोलाची गोष्ट वेगळी आहे. कॉपी आणि डिलीट अशा दोन क्वेरी (आज्ञा) लिहिल्या की मध्ये फट राहते. एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची, याच्या 'रीड कमिटेड' या डिफॉल्ट पातळीवर प्रत्येक क्वेरी आपला ताजा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाचं चित्र) घेते, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही अशा गटात) असल्या तरी. कॉपी झाल्यावर कुणी मागच्या तारखेचं बिल टाकलं, तर ते कॉपीत नसतं आणि डिलीटमध्ये मात्र सापडतं. गेलंच ते! एकाच क्वेरीत, 'विथ'मध्ये 'डिलीट… रिटर्निंग' (पुसलेल्या नोंदी परत देणारं डिलीट) लिहून त्याच रांगा (नोंदी) 'इन्सर्ट'ला दिल्या की हा प्रश्नच मिटतो. 2011 मध्ये आलेल्या 9.1 आवृत्तीपासून ही सोय आहे, तरी फार कमी जण ती वापरताना दिसतात.

तिथे 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (टक्कर झाली तर काही करू नको) हे कलम मात्र अजिबात जोडू नका. तोच आयडी तिकडे आधीपासून असेल तर रांग इकडून पुसली जाते, तिकडे पोचत नाही आणि एररही येत नाही. हे कलम नसेल तर एरर येऊन सगळं रोलबॅक, म्हणजे पूर्ववत, होतं. हिशेबाच्या कामात मला तेच हवं.

'सिलेक्ट स्टार'ही (नावं न लिहिता सगळे कॉलम घेणं) नको. कॉलम नावाने नाही, क्रमाने जुळतात. नग आणि दर दोन्ही न्यूमेरिक (आकड्यांच्या प्रकारचे), त्यामुळे अदलाबदल झाली तरी पोस्टग्रेस तक्रार करत नाही. दोन्हीकडे कॉलमची नावं लिहायचीच.

जुन्या नोंदींचं नवं टेबल 'क्रिएट टेबल ॲज'ने करू नका. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची), प्रायमरी की (प्रत्येक रांगेची एकमेव ओळख), डिफॉल्ट (आपोआप भरलं जाणारं मूल्य) काहीच येत नाही. 'लाइक… इन्क्लूडिंग ऑल'ने ते येतं, फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा नियम) आणि ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा कोड) वगळून. जुन्या नोंदींना ते नसलेलेच मला सोयीचे वाटले.

रांगा हलवल्यावर चालू टेबलाची फाइल सहसा लहान होत नाही. साध्या व्हॅक्यूमने (पुसलेल्या रांगांच्या सफाईने) मोकळी झालेली जागा पुढच्या बिलांना वापरता येते, तेवढं पुरतं. फाइल नव्याने लिहून लहान करणारं 'व्हॅक्यूम फुल' पूर्ण टेबल लॉक करतं, म्हणून ते मी दुकान बंद असतानाच चालवते.